आधी जागा, मग परीक्षा

आपल्याकडे करिअरचा विचार परीक्षेपासून सुरू होतो. बारावी, मग सीईटी, सीईटीवरून कॉलेज, कॉलेजातून नोकरी. आधी पेपर काढायचा, मग पुढचं दार उघडतं. इंग्लंडला जाऊन सॉलिसिटर व्हायचं ठरवलेली मुलं आणि त्यांचे आईवडील हीच सवय सोबत घेऊन निघतात. एसक्यूई, म्हणजे सॉलिसिटर्स क्वालिफाइंग एक्झामिनेशन, हे नाव कानावर आलं की पहिली चौकशी क्लासची होते: कुठला चांगला, फी किती, घरबसल्या करता येतो का. इंग्लंड आणि वेल्समध्ये मात्र या व्यवसायाची रीत उलटी आहे. तिथे बहुतेक मुलं आधी फर्ममध्ये उमेदवारीची जागा मिळवतात आणि परीक्षा त्या जागेच्या मागून येते. खरं तर ही रीत आपल्याला अगदीच परकी नसावी. सीएची फायनल देण्याआधी आर्टिकलशिप करावीच लागते, आणि मुंबईत बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची सॉलिसिटरची परीक्षा द्यायची तर आधी सॉलिसिटरच्या हाताखाली तीन वर्षं आर्टिकल्ड क्लार्क म्हणून काढावी लागतात. विलायतेचा विषय निघाला की हे आपण विसरतो.

सॉलिसिटर होण्यासाठी सप्टेंबर २०२१ पासून सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीच्या अटी चार आहेत: कोणत्याही विषयाची पदवी किंवा तिच्या तोडीची पात्रता, एसक्यूईचे दोन्ही टप्पे, दोन वर्षांचा पात्र कार्यानुभव आणि चारित्र्याची पडताळणी. जुना एलपीसी, म्हणजे लीगल प्रॅक्टिस कोर्स, आधीच्या व्यवस्थेत शिकायला लागलेल्यांसाठी २०३२ अखेरपर्यंत राखून ठेवला आहे. आज नव्याने निघणाऱ्यांनी त्यात अडकू नये. एसक्यूईच्या पहिल्या टप्प्यात प्रत्येकी १८० बहुपर्यायी प्रश्नांचे दोन पेपर असतात. करार आणि कंपनी व्यवहारांपासून मृत्युपत्रं, जमिनीचे व्यवहार आणि फौजदारी कायद्यापर्यंत सगळं त्यात येतं. दुसऱ्या टप्प्यात १६ प्रात्यक्षिकं, १२ लेखी आणि ४ तोंडी. सप्टेंबर २०२५ पासून दोन्ही टप्प्यांची मिळून फी ४,९०८ पौंड आहे, म्हणजे आपल्या हिशेबाने साडेपाच लाखांच्या वर, आणि क्लासचा खर्च त्याखेरीज. जुलै २०२५ च्या फेरीत पहिल्या टप्प्यात शंभरातले ४१ जण पास झाले. एकेका टप्प्याला संधी तीनच, त्याही सहा वर्षांच्या आत. आता दुसरी बाजू पाहा. मोठ्या फर्म उमेदवारीची जागा, म्हणजे ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट, साधारण दोन वर्षं आधीच देऊन ठेवतात आणि मधल्या काळातला क्लास व परीक्षेचा खर्च स्वतः उचलतात. अनेक फर्म राहण्याखाण्यासाठीही रक्कम देतात. म्हणजे ज्या परीक्षेसाठी एक घर कर्ज काढतं, तीच परीक्षा जागा मिळवलेला शेजारचा मुलगा फर्मच्या पैशाने देतो. शिवाय त्याच्या तयारीचं वेळापत्रकही फर्मच ठरवून देते.

दुसरा गैरसमज एलएलएमचा, आणि तो जास्त महागात पडतो. आपल्याकडे एलएलबी झालेल्या मुलीला इंग्लंडची एक वर्षाची एलएलएम सॉलिसिटर होण्याच्या दिशेने एक पाऊलही पुढे नेत नाही. पदवीची अट तिने आधीच पुरी केलेली असते आणि एसक्यूईच्या एकाही पेपरातून एलएलएममुळे सूट मिळत नाही. एलएलएमने मिळतो तो तिथे राहण्याचा काळ, आणि तो मोजूनमापून असतो. समजा, एखादी मुलगी सप्टेंबर २०२६ मध्ये लंडनला पोचली. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ग्रॅज्युएट व्हिसा, म्हणजे शिक्षणानंतर तिथे राहून काम करू देणारा व्हिसा, दोन वर्षांऐवजी अठरा महिन्यांचाच मिळणार आहे. म्हणजे २०२७ च्या शरद ऋतूत कोर्स संपवून तिने तो घेतला, तर २०२९ च्या वसंतात तो संपेल. फर्मचे अर्ज, विशेषतः व्हेकेशन स्कीम या छोट्या इंटर्नशिपचे, साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत चालतात, आणि बऱ्याच जागा त्या स्कीममध्ये पारखलेल्या मुलांतूनच भरल्या जातात. पोचल्या पोचल्या अर्ज केले तर २०२८ च्या शरदात सुरू होणारी जागा हाती येऊ शकते. “आधी अभ्यासात रुळू दे, अर्ज पुढच्या वर्षी” असं घरून सांगितलं गेलं, तर मिळेल ती जागा बहुधा २०२९ च्या शरदातली असेल आणि तोवर व्हिसा संपलेला असेल. त्या वर्षी जमलं नाही, तर तिथे राहून पुन्हा प्रयत्न करायला वेळच उरणार नाही. म्हणून अर्जाचा अभ्यास विमानात बसण्याआधी, इथे असतानाच झालेला हवा.

अर्जात काय तपासतात, हे आपल्या मुलांना सहसा कोणी सांगत नाही. अनेक फर्म वॉटसन-ग्लेझर नावाची तर्काची चाचणी घेतात. तिच्या एका भागात छोटा उतारा देऊन त्याखाली एक निष्कर्ष लिहिलेला असतो, आणि तो खरा, बहुधा खरा, ठरवायला माहिती अपुरी, बहुधा खोटा की खोटा, हे सांगायचं असतं. पाठांतरात तरबेज मुलं ‘माहिती अपुरी’ म्हणायला कचरतात आणि तिथेच गुण घालवतात. दुसरी परीक्षा लेखी उत्तरांची. “आमचीच फर्म का?” याला “तुमची फर्म जगभर पसरलेली आहे” हे उत्तर शंभर फर्मना लागू पडतं, म्हणून ते कोणालाच लागू पडत नाही. आपल्या मुलांकडे याहून पुष्कळ भक्कम ऐवज असतो, पण तो किरकोळ समजून ती झाकून ठेवतात. पुण्यातल्या वकिलाकडे इंटर्नशिप करताना एखाद्या मुलाने जमिनीच्या तीस वर्षांच्या नोंदी चाळून सर्च रिपोर्ट केला असेल. इंडेक्स टूमध्ये गहाणखत दिसलं, पण ते फेडल्याची नोंद सापडली नाही. ते त्याने वकिलांच्या लक्षात आणून दिलं आणि व्यवहार तेवढ्यासाठी थांबला. अर्जात हा प्रसंग चार वाक्यांत लिहिला, की बारकावा, जबाबदारी आणि अशिलाचं हित ही तिन्ही दिसतात. “मी मेहनती आहे” असं लिहिण्याची मग गरज पडत नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. नव्या नियमांत ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्टची सक्ती उरलेली नाही. दोन वर्षांचा अनुभव जास्तीत जास्त चार ठिकाणचा मिळून चालतो. पॅरालीगलची नोकरी, विद्यापीठातलं लॉ क्लिनिक, परदेशातलं काम, सगळं धरता येतं. मग जागेच्या मागे कशाला लागायचं? हा मार्ग खरा आहे आणि त्याने अनेकांना दार उघडून दिलं आहे. पण हिशेब मांडून बघा. अनुभव पूर्णवेळाच्या हिशेबाने दोन वर्षांचा हवा आणि नवा ग्रॅज्युएट व्हिसा दीड वर्षाचा. उरलेले सहा महिने लॉ क्लिनिकमधून किंवा भारतातल्या कामातून भरून काढावे लागतील, आणि तो अनुभव प्रमाणित करायला इंग्लंड-वेल्सचा सॉलिसिटर किंवा तिथल्या फर्मचा अनुपालन अधिकारी लागतो. ही सही कोण करणार, हे काम सुरू करतानाच विचारून ठेवायला हवं. व्हिसा संपल्यावर नोकरी टिकवायची तर मालकाने प्रायोजक व्हावं लागतं. जुलै २०२५ पासून स्किल्ड वर्कर व्हिसासाठी पगाराची सर्वसाधारण अट ४१,७०० पौंडांची आहे. नवोदितांना त्यात सवलत असली, तरी पॅरालीगलच्या नोकरीवर हा व्हिसा मिळेल असं धरून चालू नये.

दुसरा आक्षेप जास्त महत्त्वाचा, कारण तो आपल्या हातातल्या कागदाशी निगडित आहे. भारतात सनद घेतलेल्या, ऑल इंडिया बार एक्झामिनेशन पास झालेल्या वकिलाला दोन वर्षांच्या कार्यानुभवाची अट लागू होत नाही. एसक्यूई दिली की झालं. पहिला टप्पा परदेशातल्या परीक्षा केंद्रांवरही देता येतो, दुसऱ्याच्या तोंडी भागासाठी तेवढं इंग्लंड-वेल्सला जावं लागतं. मग परीक्षाच आधी का नको? मुंबईत लवाद, जहाजवाहतूक किंवा भांडवल बाजाराच्या कामात चार-पाच वर्षं घालवलेल्या वकिलाने जरूर आधी परीक्षा द्यावी, कारण त्याच्या अनुभवाला गिऱ्हाईक आहे आणि सॉलिसिटरची पात्रता त्यावर शिक्का मारते. नुकत्याच पास झालेल्या मुलाचं तसं नाही. सॉलिसिटरांच्या यादीत त्याचं नाव चढेल, पण नोकरीसाठी त्याची गाठ पडेल ती फर्ममध्येच दोन वर्षं घडलेल्या आणि तिथेच ठेवून घेतलेल्या मुलांशी. तरीही सनद मात्र त्यानेही घेऊनच निघावं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२४ च्या निकालानंतर खुल्या प्रवर्गासाठी नोंदणीचं शुल्क ७५० रुपयांच्या वर घेता येत नाही. जागा मिळाली नाही, तर हाच कागद कार्यानुभवाची अट टाळून देईल. बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाची फाइल अर्धवट टाकून घाईने विमान पकडणारी मुलं हा आधार इथेच सोडून जातात.

कर्जाच्या अर्जात एलएलएमच्या फीशेजारी एसक्यूईच्या क्लासची रक्कम आत्ताच धरू नये, असं मला ठामपणे वाटतं. पहिला शरद अर्जांसाठी द्यावा. जागा मिळाली तर तो खर्च बहुधा फर्म करेल. नाही मिळाली, तर कार्यानुभव कुठून भरायचा, त्यावर सही कोणाची आणि व्हिसाचे महिने किती उरलेत, हे कागदावर मांडून मगच क्लासची फी भरावी.