‘ओ’ म्हणून वावरणारा ‘बॉम्बे’ रक्तगट

प्रश्न : पत्नीच्या शस्त्रक्रियेसाठी मिरजेला गेलो. तिचा गट ‘ओ पॉझिटिव्ह’ असं आम्ही धरून चाललो होतो, पण ‘ओ’ची एकही बाटली जुळेना. शेवटी ‘बॉम्बे’ गट निघाला. ती माझ्या मामाचीच मुलगी आहे. हा आजार आहे का? मुलांनाही होईल का?
– एक वाचक, तासगाव तालुका

उत्तर : हा आजार नाही. तुमच्या पत्नीची प्रकृती यामुळे कधीही बिघडणार नाही. प्रश्न फक्त रक्त चढवण्याच्या वेळी येतो.

हा गट १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे व सहकाऱ्यांना सापडला, म्हणून त्याला हे नाव. आपल्याकडे साधारण १० हजारांत एकाला तो असतो, युरोपात १० लाखांत एकाला. तांबड्या पेशीवर ‘एच’ हा पाया असतो आणि त्यावर ‘ए’ किंवा ‘बी’ उभे राहतात. ‘ओ’ गटात नुसता पाया असतो, ‘बॉम्बे’त पायाच नसतो. साध्या तपासणीत दोन्ही सारखेच दिसतात. पण ‘ओ’चं रक्त ‘बॉम्बे’ला चढवलं, तर पेशी फुटून जिवावर बेतू शकतं.

हा गुण आई आणि वडील दोघांकडून यावा लागतो. तुम्ही त्या जनुकाचे वाहक नसाल, तर एकाही मुलाला हा गट येणार नाही. असाल, तर प्रत्येक अपत्याला शक्यता ५० टक्के. मामाची मुलगी करण्याची रीत सातारा-सांगलीकडे जुनी आहे. नात्यातल्या लग्नात दोघेही वाहक असण्याचा संभव वाढतो, म्हणून मुलांची तपासणी करून घ्या.

आणखी एक गोष्ट कळकळीनं सांगतो. ‘बॉम्बे’ गटाच्या माणसात ‘ए’ किंवा ‘बी’चं जनुक झाकलेलं असू शकतं. त्यामुळे कागदोपत्री ‘ओ’ असलेल्या जोडप्याला ‘ए’ गटाचं मूल होऊ शकतं. अशा वेळी बायकोवर संशय घेऊ नका, रक्तपेढीत पुन्हा तपासणी करा.

२०१८ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेतल्या पेशींत ‘एच’चा पाया घडवणारं जनुक निकामी करून दाखवलं. निसर्गानं आपल्या गावांत केलेलं त्यांनी काचेच्या भांड्यात केलं. त्याच वर्षी चीनमध्ये जनुकं बदललेल्या जुळ्या मुली जन्मल्याचं जाहीर झालं, आणि तो प्रयोग करणाऱ्याला पुढे तुरुंगवास झाला. रक्तपेशीतला बदल त्या पेशीबरोबर संपतो. गर्भातला पिढ्यान्‌पिढ्या उतरतो. पहिल्याचं स्वागत करावं, दुसऱ्याची धास्ती बाळगावी, असं माझं मत आहे.

तूर्त ‘बॉम्बे’ गटाच्या माणसाला ‘बॉम्बे’ गटाचाच माणूस वाचवू शकतो. म्हणून पत्नीच्या सख्ख्या भावंडांची तपासणी आधी करा. प्रत्येकाला हा गट असण्याची शक्यता किमान २५ टक्के आहे. गटाची चिठ्ठी तिच्या पर्समध्ये कायम ठेवा. गरोदरपणात डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. हिमोग्लोबिन कमी होऊ देऊ नका. आणि भावंडांत कुणाचा हा गट निघाला, तर त्यांचं नाव रक्तपेढीत दाता म्हणून जरूर नोंदवा.