स्लॅबमध्ये सळई कुठे आणि का?

आपला चारमिनार १५९१ सालचा. दगड आणि चुन्याचे हे बांधकाम. आजच्या पोर्टलंड सिमेंटचे पेटंटच मुळी १८२४ सालचे! तरी त्या चार कमानी उभ्या आहेत, कारण कमानीतला प्रत्येक दगड शेजारच्या दगडावर दाबला जातो आणि दाब सोसणे दगडाला चांगले जमते. आपल्या घराचे छत मात्र सपाट असते. तिथे गोष्ट बदलते.

एक मोठा खोडरबर घ्या. त्याच्या बाजूवर पेनने उभ्या रेघा मारा, दोन टोके दोन पेन्सिलींवर ठेवा आणि मधोमध दाबा. वरच्या अंगाला रेघा जवळ येतात, खालच्या अंगाला फाकतात. स्लॅबचेही तसेच होते. वरचा भाग दाबला जातो, खालचा ताणला जातो. काँक्रीटची ताण सोसण्याची ताकद दाबाच्या मानाने जेमतेम दहावा हिस्सा असते, म्हणून ताणाच्या जागी सळई घालतात. उष्णतेने लोखंड आणि काँक्रीट जवळजवळ सारखेच प्रसरण पावतात, म्हणून ही जोडी जमली.

छज्जा किंवा बाल्कनी एकाच बाजूने धरलेली असते. तिथे ताण वरच्या अंगाला येतो, म्हणून मुख्य सळया वर हव्यात. पालकांनी इथे विशेष लक्ष द्यावे. स्लॅबच्या दिवशी घमेली घेऊन माणसे सळयांवरूनच ये-जा करतात आणि वरची जाळी पायाखाली दबून खाली जाते. सळया मोजून भरलेल्या असतात, पण छज्ज्याला त्यांचा उपयोग राहत नाही. टेकू काढताना असा छज्जा कोसळू शकतो. वाकवलेल्या सळईच्या ‘खुर्च्या’ जाळीखाली ठेवाव्यात आणि चालायला वेगळ्या फळ्या टाकाव्यात.

खालच्या सळया फळ्यांना टेकता कामा नयेत. भारतीय मानक ४५६ प्रमाणे साध्या हवामानात २० मिलिमीटर आवरण ठेवतात. दगडाच्या कपच्या सरकतात, सिमेंटचे कव्हर ब्लॉक बरे. आवरण कमी पडले की हवा आणि ओल सळईपर्यंत लवकर पोचते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि आतूनच काँक्रीट फोडतो. छताचे पोपडे पडतात ते बऱ्याचदा यामुळे. त्यावर नुसते प्लास्टर चढवणे म्हणजे दुखणे झाकणे.

आता पाणी. ५० किलोच्या एका गोणीला साधारण २५ ते २७ लिटर पाणी पुरते, आणि त्यात ओल्या वाळूतले पाणीही आले. सिमेंट त्यातले सुमारे १२ लिटर रासायनिक क्रियेत बांधून घेते. बाकीचे बरेचसे उडून जाते आणि मागे बारीक छिद्रे राहतात. माल सहज पसरावा म्हणून गोणीमागे आणखी १० लिटर ओतले, तर ताकद सुमारे एक तृतीयांशाने घटू शकते. मेस्त्री (तेलुगूतही हाच शब्द!) पाणी मागू लागला, तर व्हायब्रेटर नीट चालवायला सांगावे.

पाणी हवे ते नंतर! काँक्रीट वाळून घट्ट होत नाही, ते पाण्याशी होणाऱ्या क्रियेने घट्ट होते. हैदराबादच्या एप्रिल-मेच्या उन्हात दोनदा पाणी शिंपडून भागत नाही. स्लॅबवर आळी करून पाणी साठवून ठेवावे. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, राख मिसळलेल्या सिमेंटला आणि कोरड्या, उष्ण हवेत किमान १० दिवस.

साध्या सिमेंटच्या स्लॅबचा गाळा साडेचार मीटरपर्यंत असेल तर टेकू ७ दिवसांनी काढता येतात, त्याहून मोठा असेल तर १४ दिवसांनी. राखेच्या सिमेंटला याहून जास्त वेळ द्यावा आणि दिवस अभियंत्याकडून ठरवून घ्यावा. स्लॅबचे टेकू मधून कडेकडे काढत जातात. छज्ज्याचे मात्र मोकळ्या टोकाकडून भिंतीकडे.