जोर लागेल तिथे श्वास सोड

सेवाग्राम, जि. वर्धा

चि. सोनू हिस,


तुझं पत्र मिळालं. बँकेत दिवसभर बसून कंबर धरते म्हणून तू हिंगणघाटला घरीच, मोबाईलवर बघून पिलाटेस सुरू केलंस, हे फार बरं केलंस. पण ‘त्यातला हंड्रेड हा प्रकार करताना मान दुखते, डोकं गरगरतं’ हे वाचल्यावर राहवेना. इतकी वर्षं फिजिओथेरपीत काढल्यावर माझं ठाम मत झालंय, की पोटात ताकद नाही म्हणून माणसं जितकी अडतात, त्याहून जास्त श्वास कोंडल्यामुळे अडतात.

ज्यांच्या नावाने हा व्यायाम ओळखला जातो, ते जोसेफ पिलाटेस 1883 साली जर्मनीत जन्मले. लहानपणी त्यांना दमा होता. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी त्यांना शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून छावणीत ठेवलं, आणि तिथे त्यांनी ही पद्धत घडवली. 1945 साली त्यांचं पुस्तक आलं, त्यातही श्वासावर त्यांचा भर आहे. आपल्या सेवाग्रामचे बापू 1942 साली आगाखान पॅलेसमध्ये बंदिवासात असताना आरोग्यावर पुस्तक लिहायला बसले, तेव्हा त्यांनीही हवेवर वेगळं प्रकरण लिहिलं आणि नाकाने श्वास घ्यायचा आग्रह धरला. म्हणून सांगते, श्वास ही व्यायामाला लावलेली पुरवणी समजू नकोस. सुरुवात तिथूनच कर.

आधी श्वास कुठे घ्यायचा ते बघ. पाठीवर झोप, गुडघे वाकव, आणि ओढणी छातीच्या खालच्या फासळ्यांभोवती गुंडाळून टोकं हातात धर. नाकाने श्वास घे. ओढणी दोन्ही कुशींना ताणली गेली पाहिजे. बादलीची कडी वर उचलली की जशी बाहेरच्या बाजूला जाते, तशा या फासळ्या उघडतात. खांदे कानाकडे सरकले, तर श्वास वरवरचा आहे असं समज. मग ओठांचा लहानसा चंबू करून सावकाश, शेवटपर्यंत श्वास सोड. शेवटी बेंबीखालचं पोट आपोआप आत ओढलं जाईल. कंबरेला आधार देणारा खोलवरचा स्नायू तो हाच. त्यासाठी पोट मुद्दाम आवळून दगड करायची गरज नाही.

आता नियम एकच: जिथे जोर लागतो, तिथे श्वास सोड. डोकं-खांदे उचलताना सोड, पाय लांब करताना सोड. पोतं उचलताना दम धरायची सवय आपल्या अंगात मुरलेली असते, ती इथे नडते. दम धरला की छातीतला दाब वाढतो, रक्तदाब चढतो, आणि मान-खांदे ताठतात. तुझी मान बहुतेक त्यामुळेच दुखते. प्राणायामातला कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणं, गुरूसमोर बसून शिकायचा, तो इथे आणू नकोस.

हंड्रेडमध्ये पाच ठोक्यांवर श्वास घ्यायचा, पाच ठोक्यांवर सोडायचा; अशी दहा आवर्तनं झाली की शंभर. तू बहुधा भराभर, धापा टाकल्यासारखा श्वास घेतेस. असं केल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो, मग चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. तेव्हा सध्या डोकं जमिनीवरच ठेव, पाय वाकवलेले ठेव, आणि तीनच आवर्तनं कर. श्वास अडखळला, की व्यायाम आपल्या ताकदीपेक्षा जड झाला असं समजून तो हलका कर. मोबाईलवरची बाई पुढे गेली तर जाऊ दे. तिचा वेग तिच्या फुप्फुसांचा आहे.

वेळ पहाटेची ठेव. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. दुपारी बंद खोलीत घाम गाळण्यात शहाणपण नाही. कापसाच्या हंगामात जिनिंग कारखान्याकडची खिडकी लाव आणि दुसऱ्या बाजूची उघड, म्हणजे तंतू-धूळ छातीत जाणार नाही. जेवणानंतर निदान दोन तास जाऊ देत.

एक गोष्ट मात्र अंगावर काढू नकोस. श्वास सोडताना छातीत शिट्टीसारखा आवाज आला, छातीत दुखलं किंवा व्यायाम हलका करूनही चक्कर थांबली नाही, तर व्यायाम बंद ठेव आणि इथे आमच्या कस्तुरबा दवाखान्यात दाखवायला ये. मी सोबत येईन.

येत्या पंधरवड्यात नवा कोणताही प्रकार शिकू नकोस. रोज दहा मिनिटं ओढणी बांधून श्वास, आणि मग ती तीन आवर्तनं, एवढंच कर. मान दुखायची थांबली की मला कळव. डोकं केव्हा उचलायचं ते तेव्हा सांगते.

तुझी,
आत्या