स्वयंनिर्देशित अध्ययन आणि शैक्षणिक तंत्रज्ञान : छात्राध्यापकांची पहिली निरीक्षणे

अध्यापक महाविद्यालयात प्रवेश घेणाऱ्या प्रत्येकाच्या मनात शिक्षकाचे एक चित्र असते. हातात खडू, पाठीमागे फळा, समोर ओळीने बसलेली मुले. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या २०१४ च्या नियमांनुसार बी.एड.चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला आणि त्यात माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाच्या चिकित्सक आकलनास स्वतंत्र स्थान मिळाले. यातील ‘चिकित्सक’ हा शब्द आम्हांस महत्त्वाचा वाटतो. यंत्र चालविता येणे ही त्यातील पहिली पायरी. त्या यंत्राने शिकणाऱ्याचे नेमके काय साधते, हे पारखणे ही खरी विद्या. याच भूमिकेतून आम्ही काही छात्राध्यापकांनी शैक्षणिक तंत्रज्ञानाचा एक स्वयंनिर्देशित अभ्यासक्रम हाती घेतला. त्यातील पहिल्या काही आठवड्यांची निरीक्षणे येथे मांडत आहोत. निवासी विद्यालयाशी नाते असलेल्या वाचकांना ती उपयोगी पडतील, अशी आशा आहे.

अभ्यासक्रमाचे स्वरूप

भारतात ‘स्वयं’ हे राष्ट्रीय व्यासपीठ ९ जुलै २०१७ रोजी सुरू झाले. त्याच वर्षीच्या शिक्षकदिनी शालेय शिक्षणासाठी ‘दीक्षा’ आले. ‘स्वयं’वरील अभ्यासक्रमांची रचना चार अंगांची असते : चित्रफितीतील व्याख्यान, वाचनसाहित्य, स्वयंमूल्यमापनाच्या चाचण्या आणि शंका विचारण्यासाठी चर्चामंच. आता अनेक ऑनलाइन अभ्यासक्रम थोड्याफार फरकाने याच धर्तीवर बांधलेले दिसतात. आमचा अभ्यासक्रमही तसाच होता. त्यात वर्ग नाही, घंटा नाही, हजेरी नाही. कोणते प्रकरण केव्हा वाचावयाचे, कोठे थांबावयाचे आणि किती वेळा मागे जावयाचे, हे शिकणाऱ्यानेच ठरवावयाचे.

ही कल्पना नवी नाही

प्रथमदर्शनी हे सारे अगदी आजचे वाटते. परंतु त्याची मुळे जुनी आहेत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९५४ साली अध्यापन-यंत्राचा विचार मांडला. वर्गातील गणिताच्या तासाला एकट्या शिक्षकाला प्रत्येक मुलाचे उत्तर तत्काळ तपासता येत नाही आणि सर्वांनाच एका गतीने चालावे लागते, ही त्यांच्या लक्षात आलेली उणीव. त्यातून क्रमान्वित अध्ययन विकसित झाले. त्यात आशयाच्या लहान चौकटी पाडावयाच्या, प्रत्येक चौकटीनंतर प्रतिसाद घ्यावयाचा, लगेच प्रत्याभरण द्यावयाचे आणि गती विद्यार्थ्याच्या हाती सोपवावयाची. आज मोबाइलच्या पडद्यावर ‘उत्तर बरोबर’ अशी हिरवी खूण उमटते, ती त्याच परंपरेतील आहे.

आपल्या देशानेही मोठे प्रयोग केले आहेत. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या एका वर्षात उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरदर्शन संच पोहोचले आणि त्यांवरून शैक्षणिक कार्यक्रम दाखविण्यात आले. अशा प्रयोगांचा अभ्यास करताना आमच्या मनात एकच प्रश्न वारंवार उभा राहिला : साधन पोहोचले की शिक्षण पोहोचते काय?

पहिले अनुकूल ठसे

या पद्धतीचे काही लाभ आम्हांस प्रत्यक्ष जाणवले. पहिला लाभ पुनरावृत्तीचा. वर्गात एखादी संकल्पना समजली नाही, तर दुसऱ्यांदा विचारण्याचा संकोच वाटतो. येथे तेच व्याख्यान चार वेळा ऐकले तरी कोणी हसत नाही. पहिल्या पिढीतून शिक्षणाकडे आलेल्या विद्यार्थ्याला या निर्भयतेचे मोल अधिक आहे. दुसरा लाभ वेळेचा. पाठ टाचणे, छात्रसेवाकाल आणि घरची जबाबदारी सांभाळून पहाटे किंवा रात्री अभ्यास करता येतो. तिसरा लाभ दृश्यतेचा. रक्ताभिसरण, ज्वालामुखी किंवा ग्रहांची गती या गोष्टी फळ्यावरील आकृतीत स्थिर राहतात. चलच्चित्रात त्यांची प्रक्रिया उलगडते.

अडचणी कोठे येतात?

या पद्धतीची मर्यादाही लवकरच ध्यानात येते. स्वयंनिर्देशित अभ्यासक्रम शिकणाऱ्याकडून बरेच काही गृहीत धरतो. त्याच्याकडे स्वतःचे उपकरण असेल, शांत जागा असेल, पारिभाषिक इंग्रजी त्याला समजत असेल आणि स्वतःच्या अभ्यासाचे नियोजन करण्याची सवय त्याला आधीच लागलेली असेल, असे त्यात मानलेले असते. ज्यांना हे लाभले आहे, ते वेगाने पुढे जातात. ज्यांना लाभलेले नाही, ते तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात निमूटपणे गळतात. वर्गातील रिकामा बाक शिक्षकाला दिसतो. पडद्यामागील ही अनुपस्थिती सहसा कोणाच्या नजरेस पडत नाही. समान संधी म्हणून आलेले साधन अशा रीतीने जुनीच विषमता वाढवू शकते. आपल्या समाजाच्या दृष्टीने हा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे.

दुसरी अडचण मूल्यमापनाची. चार पर्यायांतून एक निवडण्याच्या चाचणीत उत्तर चुकले हे कळते; ते कोणत्या समजुतीमुळे चुकले, हे कळेलच असे नाही. ती समजूत शोधून काढणे हे शिक्षकाचे काम आहे.

एक उदाहरण : चंद्राच्या कला

हा मुद्दा एका पाठाच्या आधारे पाहू. ‘चंद्राच्या कला कशामुळे दिसतात?’ या प्रश्नाला पुष्कळ मुले ‘पृथ्वीची सावली पडल्यामुळे’ असे उत्तर देतात. खरे पाहता सूर्याकडील चंद्राचा अर्धा भाग नेहमीच प्रकाशित असतो. चंद्र पृथ्वीभोवती फिरत असताना त्या प्रकाशित भागाचा कमी-अधिक अंश आपणांस दिसतो. पृथ्वीची सावली चंद्रावर पडते ती केवळ चंद्रग्रहणाच्या वेळी. संगणकावरील प्रतिरूप हे सुबकपणे दाखविते. तरीही ते पाहून झाल्यावर मूल आपली जुनी समजूत मनात तशीच जपू शकते.

निवासी विद्यालयाला येथे एक दुर्मीळ सोय आहे. दिवसशाळेतील मुले संध्याकाळी घरोघरी जातात. वसतिगृहातील मुलांना महिनाभर एकाच अंगणातून चंद्र पाहता येतो. प्रत्येक पौर्णिमेला वंदनेसाठी एकत्र येणाऱ्या मुलांना तिथींची ओळख असतेच. अमावास्येनंतर रोज सूर्यास्ताच्या वेळी चंद्र कोठे आहे व कसा आहे, हे त्यांनी वहीत रेखाटावे. शुद्ध अष्टमीच्या सुमारास मावळतीच्या वेळी अर्धा चंद्र आकाशात उंचावर असतो. पौर्णिमेला सूर्य मावळतो त्याच सुमारास चंद्र पूर्वेला उगवतो. वद्य अष्टमीला तो मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो. चंद्रोदय रोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा होतो आणि एका अमावास्येपासून दुसरीपर्यंत साधारण साडेएकोणतीस दिवस लागतात. हे मुलांना स्वतःच्या नोंदींतून काढता येते.

त्यानंतर अंधाऱ्या खोलीत एकच दिवा लावून प्रत्येक मुलाच्या हाती पांढरा चेंडू द्यावा. चेंडू डोक्यापेक्षा थोडा उंच धरून मुलाने स्वतःभोवती सावकाश फिरावे. चेंडू दिव्याच्या दिशेला असताना त्याची अंधारी बाजू दिसते, ती अमावास्या. पाठ दिव्याकडे झाली की चेंडू पूर्ण उजळलेला दिसतो, ती पौर्णिमा. हात खाली आला आणि डोक्याची सावली चेंडूवर पडली, की ते ग्रहण. ‘सावली’ आणि ‘कला’ यांतील भेद मुलाला येथे स्वतःच्या हातांनी कळतो. संगणकाचे प्रतिरूप यानंतर दाखवावे. महिन्याचा प्रवास मिनिटात पाहण्यासाठी आणि पावसाळ्यात ढगांमुळे हुकलेल्या रात्री भरून काढण्यासाठी ते मोलाचे ठरते. साधनाचा क्रम कोणता असावा, हे ठरविण्यातच शिक्षकाची शैक्षणिक तंत्रज्ञानाची समज दिसून येते.

स्वयंदीप आणि कल्याणमित्र

स्वयंअध्ययनाचा विचार आपल्या परंपरेत खोलवर रुजलेला आहे. भगवान बुद्धांनी अखेरच्या काळात भिक्खूंना स्वतःच स्वतःचा आधार होण्यास सांगितले. कालामांना त्यांनी ऐकीव गोष्ट, परंपरा किंवा गुरूचा अधिकार यांवर विसंबून काही न स्वीकारता स्वतः पारखून घेण्याचा उपदेश केला. इंटरनेटवरील प्रत्येक मजकूर वाचताना हीच कसोटी हाती असावी. मात्र त्याच बुद्धांनी आनंदाला सांगितले की, कल्याणमित्रांची संगत म्हणजे श्रेष्ठ जीवनाचा अर्धा नव्हे, तर संपूर्ण भाग होय. स्वावलंबन आणि सोबत यांत त्यांनी विरोध मानला नाही. स्वयंनिर्देशित अध्ययनाची मांडणी १९७५ साली करणाऱ्या माल्कम नोल्स यांनीही त्यात इतरांच्या साहाय्याला जागा ठेवली आहे. आपली गरज ओळखणे, उद्दिष्ट ठरविणे, साधने शोधणे आणि स्वतःचे मूल्यमापन करणे या पायऱ्या शिकणाऱ्याच्या असतात; त्या एकट्यानेच चढल्या पाहिजेत, असे बंधन नाही.

बौद्ध परंपरेत परियत्ती, पटिपत्ती आणि पटिवेध, म्हणजे अध्ययन, आचरण आणि साक्षात आकलन, असा क्रम सांगितला आहे. ऑनलाइन अभ्यासक्रम परियत्ती सुलभ करतो. पुढील दोन टप्प्यांसाठी कृती आणि सहवास लागतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे स्वयंअध्ययनाचे सर्वोच्च उदाहरण. १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले, तेथे त्यांना जॉन ड्यूई यांच्यासारखे शिक्षक लाभले. लंडनमधील ग्रंथालयांत त्यांनी अविश्रांत वाचन केले. परंतु आपल्याला साधले ते प्रत्येकाने एकट्याने साधावे, असे म्हणून ते थांबले नाहीत. त्यांनी वसतिगृहे काढली आणि ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली. एकाकी जिद्दीला संस्थेचा आधार लागतो, हे त्यांनी कृतीने दाखविले.

काय करता येईल?

या निरीक्षणांवरून काही सूचना कराव्याशा वाटतात. विद्यालयाने आठवड्यातून दोन संध्याकाळी संगणक कक्षात स्वयंअध्ययनाचा तास ठेवावा आणि विद्यार्थ्यांनी तीन-चार जणांच्या गटात शिकावे. प्रत्येक गटात मोठ्या इयत्तेतील एक विद्यार्थी सोबतीला असावा. कठीण इंग्रजी संज्ञांचा मराठी शब्दसंग्रह मुलांनीच तयार करावा. तो पुढच्या तुकडीला उपयोगी पडेल. माजी विद्यार्थ्यांनी उपकरणे भेट द्यावीत, त्याचबरोबर महिन्यातून एक तास मार्गदर्शनासाठीही द्यावा. पालकांनी सुट्टीत घरी आलेल्या मुलाला ‘गुण किती पडले?’ याबरोबरच ‘नवे काय शोधलेस?’ असेही विचारावे.

अभ्यासक्रम अद्याप पूर्ण व्हावयाचा आहे आणि आमचे मतही पुढे अधिक पक्व होईल. आजवरच्या अनुभवातून एवढे निश्चित सांगता येते की, स्वतः शिकण्याची क्षमता ही शिक्षणाची फलश्रुती आहे. ती प्रवेशाची अट ठरू लागली, तर दुर्बल विद्यार्थी दाराबाहेरच राहील. ती क्षमता प्रत्येक मुलात धीराने घडविण्याचे कार्य या विद्यालयाच्या हातून अखंड होत राहो, ही मंगल कामना.