गुळवेल

शास्त्रीय नाव : टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया
कुल : मेनिस्पर्मेसी
इतर नावे : गुडूची, अमृता, छिन्नरुहा (संस्कृत), गिलोय (हिंदी), सीन्दिल (तमिळ)

तामिळनाडूत पापनाशम नावाची दोन गावे आहेत. एक तिरुनेलवेली जिल्ह्यात पश्चिम घाटाच्या पायथ्याशी, तर दुसरे तंजावर जिल्ह्यात, कावेरीच्या सपाट भातशेतीच्या प्रदेशात. केवळ नावावर विसंबून निघालेला प्रवासी भलत्याच गावी पोहोचावयाचा. वनौषधींच्या बाबतीत मात्र अशी चूक जिवावर बेतू शकते.

तंजावरवर 1855 पर्यंत भोसले घराण्याचे राज्य होते. तेथील सरफोजी राजांनी (कारकीर्द 1798–1832) धन्वंतरी महाल ही वैद्यकीय संस्था उभारली. मराठी माणसाची गुळवेल आणि तमिळ वैद्याची सीन्दिल ही एकच वनस्पती होय.

वर्णन : ही मोठी, बहुवर्षायू वेल झाडांवर व कुंपणांवर चढते. पाने हृदयाच्या आकाराची व गुळगुळीत असतात. खोडाची साल कागदासारखी सुटते व आत हिरवा रंग दिसतो. खोड आडवे कापल्यास चाकाच्या आऱ्यांसारखी रचना आढळते. फांद्यांवरून दोऱ्यांसारखी वायवी मुळे लोंबतात. तोडलेला तुकडाही पुन्हा रुजतो. म्हणूनच तिला छिन्नरुहा म्हणतात. नर व मादी फुले वेगवेगळ्या वेलींवर येतात. फळे वाटाण्याएवढी असून पिकल्यावर लाल होतात.

उपयोग : खोड चवीला कडू असते. जीर्णज्वर, संधिवात व अशक्तपणा यांवर त्याचा काढा देण्याची परंपरा आहे. ताजे खोड ठेचून पाण्यात कालवतात. पाणी निवळले की तळाशी पिठूळ साका बसतो. तो वाळविला म्हणजे गुळवेल सत्त्व तयार होते. कडुनिंबावर चढलेली वेल वैद्य अधिक गुणकारी मानतात.

सावधगिरी : गुळवेलीच्याच कुलातील स्टेफानिया टेट्रान्ड्रा या वेलीचे मूळ चिनी वैद्यकात 'फांग-जी' या नावाने सूज व सांधेदुखीवर वापरतात. ॲरिस्टोलोकिया फांगची या अगदी वेगळ्या कुलातील वेलीचे मूळही याच नावाने ओळखले जाई. बेल्जियममध्ये वजन घटविण्याच्या औषधात पहिल्याऐवजी हे दुसरे मूळ पडले. 1993 मध्ये हा प्रकार उघडकीस आला. शंभराहून अधिक रुग्णांची मूत्रपिंडे बिघडली, व काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. आपल्याकडील ईश्वरी अथवा सापसन ही वेल याच ॲरिस्टोलोकिया प्रजातीतील आहे, हे ध्यानात ठेवावे.

गुळवेलीलाही तोतया आहे. टिनोस्पोरा क्रिस्पा या तिच्या भावंडाच्या खोडावर ठळक व दाट गाठी असतात, आणि तिच्या सेवनाने यकृताला अपाय झाल्याच्या नोंदी आहेत. कोविडच्या साथीत असंख्य लोक घरीच गुळवेलीचा काढा घेऊ लागले. 2021 मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी यकृतदाहाचे सहा रुग्ण नोंदविले. रुग्णांनी घेतलेली वनस्पती नेमकी कोणती हे तपासलेच नव्हते, असे आयुष मंत्रालयाने तेव्हा म्हटले. तथापि 2022 मध्ये देशातील अनेक रुग्णालयांच्या अभ्यासात अशा 43 रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली. तेव्हा सारा दोष तोतयावर ढकलून स्वस्थ बसणे योग्य नव्हे.

यास्तव वेल प्रथम पाने, साल व खोड पाहून ओळखावी. यकृताचा विकार असलेल्यांनी ती डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये. आणि काढा घेताना डोळे पिवळे झाल्यास तो तत्काळ थांबवून रुग्णालय गाठावे.