🥛 *दूध सल्ला: टाकीत ओतण्याआधी तपासा*



केंद्रावर आपलं सगळ्यांचं दूध एकाच बल्क कूलरमध्ये जातं. एका कॅनमध्ये भेसळ असेल तर ती सगळ्या गावाच्या दुधात मिसळते. टँकर परत आला तर फटका सगळ्यांना. पकडलं गेलं नाही तर तेच दूध कुणाच्या तरी लेकराच्या पेल्यात. म्हणून या तपासण्या घरी करून बघा.

*१) पाणी:* स्वच्छ, तिरक्या धरलेल्या स्टीलच्या ताटावर दुधाचा थेंब सोडा. चांगलं दूध सावकाश ओघळतं, मागे पांढरी रेघ राहते. पाणी असेल तर थेंब रेघ न ठेवता पटकन घसरतो.
नुसत्या लॅक्टोमीटरवर विसंबू नका. साय काढली की रीडिंग चढतं, पाणी घातलं की उतरतं. दोन्ही केलं तर रीडिंग बरोबरच दिसतं! म्हणून फॅटही बघावं लागतं.

*२) स्टार्च (पातळ दूध दाट दिसावं म्हणून घालतात):* २-३ मिली दुधात ५ मिली पाणी घालून उकळा. पूर्ण थंड झाल्यावर टिंक्चर आयोडीनचे २-३ थेंब टाका. निळा रंग आला तर स्टार्च आहे.

*३) धुण्याची पावडर (तेल-पाणी एकजीव करायला वापरतात):* ५-१० मिली दूध आणि तेवढंच पाणी बाटलीत जोरात हलवा. दाट फेस झाला तर संशय घ्या. चांगल्या दुधावर फेसाचा पातळ थरच येतो.

*४) युरिया:* अर्धा चमचा दुधात अर्धा चमचा न भाजलेल्या तुरीचं किंवा सोयाबीनचं पीठ मिसळा. ५ मिनिटांनी लाल लिटमस कागद अर्धा मिनिट बुडवा. कागद निळा झाला तर युरिया असू शकतो.

तपासलेलं दूध ओतून द्या. कॅनमध्ये परत टाकू नका, जनावरालाही पाजू नका.

⚠️ *आपल्या हातून नकळत होणारी चूक*
दगडी (कासदाह) झालेल्या गायी-म्हशीला अँटिबायोटिक दिलं की औषधाचा अंश दुधात उतरतो. दूध उकळलं तरी तो पूर्ण जात नाही. अशा दुधाचं दही नीट लागत नाही, कारण औषध विरजणातल्या जिवाणूंनाही मारतं. औषध एकाच सडात सोडलं असलं तरी *चारही सडांचं दूध* वेगळं काढा. किती दिवस, ते डॉक्टरांना विचारा, औषधाच्या वेष्टनावरही बघा. तेवढे दिवस दूध केंद्रावर आणू नका. नुकसान होतं हे खरं, पण एका जनावराच्या दुधापायी अख्खी टाकी जाऊ शकते.

घरची तपासणी फक्त इशारा देते, निकाल प्रयोगशाळेचा. रंग बदलला म्हणून लगेच कुणावर आळ घेऊ नका. नमुना स्वच्छ, कोरड्या बाटलीत घेऊन केंद्रावर द्या.

आणि थोडंसं पाणी म्हणजे भेसळ नाही, असं समजू नका. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ नुसार त्यावरही कारवाई होते. शिवाय विहिरी-ओढ्याच्या पाण्यातून जुलाब-काविळीचे जंतू दुधात येतात ते वेगळंच.

काही अडचण आली तर याच नंबरवर फोटोसह मेसेज करा. घरात धार काढणाऱ्या प्रत्येकाला हा मेसेज वाचून दाखवा.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी, दूध विभाग