कुंभाराच्या अंगणात पाच दिवस : हाताने करावयाची मातीची परीक्षा



माती हे जसे शेतकऱ्याचे भांडवल, तसेच ते कुंभाराचेही भांडवल आहे. मात्र या दोघांना मातीकडून जे हवे असते ते बरेचसे परस्परविरुद्ध आहे. कुंभाराला माती एकजीव, घट्ट आणि हवेचा बुडबुडाही नसलेली हवी असते. शेतकऱ्याला ती कणीदार, भुसभुशीत आणि हवा-पाणी खेळते राहील अशी हवी असते. म्हणून कुंभार जे मातीला जाणूनबुजून करतो, तेच शेतात नकळत घडले तर पिकाचे नुकसान होते. ही गोष्ट पुस्तकात वाचलेली असली तरी ती हाताला कळणे वेगळे. गेल्या मे महिन्यात कृष्णाकाठच्या एका खेड्यात पाच दिवसांच्या निवासी कुंभारकाम शिबिरात भाग घेतल्यावर मला ती खऱ्या अर्थाने कळली. त्या पाच दिवसांत जे शिकावयास मिळाले, त्यातील शेतीला उपयोगी पडणारा भाग येथे देत आहे.

शिबिराचे स्वरूप

शिबिरात आम्ही आठच जण होतो. त्यात दोन शाळाशिक्षक, एक रोपवाटिकाधारक शेतकरी, एक निवृत्त बँक कर्मचारी, तिघी गृहिणी आणि मी. शिकविणारे कुंभारकाका साठीचे. त्यांच्याच घराच्या पडवीत आमची राहण्याची सोय होती. जेवण घरचे, भाकरी-आमटीचे. चाके दोनच असल्याने आठापेक्षा जास्त माणसे ते घेत नाहीत. गट लहान असल्यामुळे प्रत्येकाच्या हातात माती येते आणि चूक झाली की ती तिथल्या तिथे दाखविली जाते.

तेथे जाताना माझ्या मनात एक जुनी बोच होती. त्याआधीच्या रब्बी हंगामात आमच्या भागातील एका शेतकऱ्याने सोयाबीन काढल्यावर हरभऱ्यासाठी भाड्याचा ट्रॅक्टर आणून दोन एकर भारी काळ्या जमिनीत रोटाव्हेटर फिरविला. वरून जमीन सुकलेली दिसत होती, आत ओल जास्त होती. ट्रॅक्टर पुन्हा मिळेल की नाही या काळजीने काम उरकले गेले आणि शेतात ढेकळेच ढेकळे झाली. “मॅडम, ढेकळं फुटत न्हाईत, बी कुठं टाकू?” असे त्यांनी मला विचारले. हलके पाणी देऊन पुन्हा मशागत करावी, असा सल्ला मी दिला. ढेकळे फुटली नाहीत, पेरणी लांबली आणि उगवण विरळ झाली. सल्ला कोठे चुकला हे मला शिबिराच्या पहिल्याच दिवशी समजले.

पहिला दिवस : भिजवण

कुंभारकाम मातीच्या भिजवणीने सुरू होते. तळ्यातून आणलेली माती अंगणात पसरलेली होती. काही ढेकळे कडक वाळलेली, काही आतून ओलसर. आम्ही सगळीच उचलून पाण्याच्या टाकीत टाकू लागलो, तेव्हा काका म्हणाले, “अर्धवट ओली ढेकळं टाकू नका. ती आठ दिवस तशीच राहतील. कडक वाळलेली टाका आणि गंमत बघा.”

त्यांनी दोन बादल्यांत दोन प्रकारची ढेकळे टाकून दाखविली. कडक वाळलेल्या ढेकळातून बुडबुडे निघू लागले आणि काही मिनिटांत ते आपोआप विरघळून बादलीच्या तळाशी बसले. ओलसर ढेकूळ मात्र दुसऱ्या दिवशी सकाळीही जवळजवळ होते तसेच होते.

याचे कारण सोपे आहे. वाळलेल्या ढेकळातील बारीक छिद्रे हवेने भरलेली असतात. पाणी चहूबाजूंनी वेगाने आत शिरते, आत कोंडलेली हवा दाबली जाते, बाहेरचे कण फुगतात आणि ढेकूळ फुटते. ओलसर ढेकळाची छिद्रे आधीच पाण्याने भरलेली असल्याने पाणी वेगाने आत शिरत नाही व ढेकूळ फुटत नाही.

उन्हाळ्यात नांगरून तापलेली जमीन वळवाच्या पावसाने भुसभुशीत होते, हा आपल्या सर्वांचा अनुभव याच कारणाने येतो. मी त्या शेतकऱ्याला नेमके याच्या उलट सांगितले होते. त्यांची ढेकळे आतून ओलसर असतानाच पाणी द्यावयास लावले आणि त्यावर पुन्हा अवजार फिरविले. वास्तविक ढेकळे आधी पूर्ण वाळू द्यावयास हवी होती. त्यानंतर हलके पाणी देऊन, ढेकळे विरघळल्यावर वाफशावर वखरणी करावयाची होती.

दुसरा दिवस : मळणे

भिजलेली माती गाळून, पाणी निथळून झाल्यावर ती मळावी लागते. प्रथम पायांनी तुडविणे आणि मग कणकेप्रमाणे हातांनी मळणे. हे काम दमविणारे आहे. मळल्याने मातीतील हवा निघून जाते, चिकणमातीचे पापुद्र्यासारखे चपटे कण एकमेकांवर सरळ बसतात आणि माती ताणली तरी तुटत नाही. बुडबुडा राहिला तर चाकावर माती हातातून निसटते.

ओल्या भारी जमिनीत ट्रॅक्टरची चाके घसरतात, रोटाव्हेटरची पाती फिरतात किंवा जनावरे तुडवितात, तेव्हा हेच घडते. मोठी छिद्रे नाहीशी होतात, कण दाबून बसतात आणि वाळल्यावर विटेसारखी ढेकळे मिळतात. मुळांना वाट राहत नाही व पाणी मुरत नाही. भातासाठी चिखलणी करताना पाणी खाली जाऊ नये म्हणून आपण हे मुद्दाम करतो. हरभरा, गहू, ऊस, हळद अशा पिकांना मात्र ते मारक ठरते.

माती मळण्यास योग्य झाली की नाही हे काका एका सोप्या रीतीने पाहतात. चिमूटभर माती दोन तळव्यांत वळून ते तिची बारीक वात करतात. वात न तुटता आगपेटीच्या काडीहून थोडी जाड, म्हणजे सुमारे ३ मि.मी. इतकी बारीक झाली, तर माती भांड्यासाठी तयार. प्रयोगशाळेत मातीची आकार घेण्याची मर्यादा ठरविण्याची रीतही हीच आहे. शेतकऱ्याने तिचा अर्थ उलटा लावावयाचा. वात वळता येते तोवर जमीन मशागतीस ओली आहे. वात त्या जाडीला येण्यापूर्वीच तुटून तुकडे पडू लागले, तर अवजार घालावे.

तिसरा दिवस : चाक आणि मातीचा पोत

चाकावर बसल्यावर पहिले दोन तास माझ्या हातून एकही बोळके उभे राहिले नाही. गोळा मधोमध बसल्याशिवाय काहीच घडत नाही. रोपवाटिकाधारक शेतकऱ्याने मात्र त्याच दिवशी दोन लहान कुंड्या वळल्या. रोज मातीत हात असल्याचा हा फायदा.

काका मातीची निवड करताना अंगठा आणि तर्जनी यांमध्ये ओली माती दाबून तिची पट्टी काढतात. शेतातील मातीचा पोत ओळखण्यासही ही पद्धत चालते. वाळूचे कण २ ते ०.०२ मि.मी., पोयट्याचे ०.०२ ते ०.००२ मि.मी. आणि चिकणमातीचे त्याहून लहान असतात. चिकणमाती जितकी जास्त, तितकी पट्टी लांब निघते. पट्टी २.५ सें.मी. होण्याआधीच तुटली तर माती हलकी ते मध्यम, २.५ ते ५ सें.मी. झाली तर मध्यम ते भारी आणि ५ सें.मी.हून लांब निघाली तर भारी चिकण समजावी. बोटांना खरखर लागली तर त्यात वाळू आहे. पट्टीच निघाली नाही तर जमीन रेताड होय.

तलावातील गाळ शेतात टाकण्यापूर्वी ही परीक्षा जरूर करावी. चिकण गाळ हलक्या, मुरमाड जमिनीस उपयुक्त असतो. आधीच भारी असलेल्या जमिनीत तोच टाकल्यास निचरा आणखी बिघडतो.

चौथा दिवस : वाळवण आणि आकसणे

भांडी सावलीत सावकाश वाळवितात. उन्हात ठेवल्यास बाहेरची बाजू आधी आकसते व भांडे तडकते. माती किती आकसते हे पाहण्यासाठी दुसऱ्या दिवशीच आम्ही मातीच्या पट्ट्या करून त्यांवर १० सें.मी. लांबीची रेघ ओढून ठेवली होती. काकांच्या मातीवरील रेघ वाळून ९.३ सें.मी. झाली, म्हणजे ७ टक्के आकसली. रोपवाटिकाधारकाने आपल्या उसाच्या रानातून आणलेल्या काळ्या मातीवरील रेघ ८.६ सें.मी. भरली, म्हणजे १४ टक्के आकसली. पट्टीला तीन तडेही गेले.

आपल्या काळ्या जमिनीतील चिकणमातीचे पापुद्रे पाणी पिऊन फुगतात व वाळताना आकसतात. उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगा त्यामुळेच. केवळ काळ्या मातीचे भांडे टिकत नाही म्हणून कुंभार त्यात वाळू, राख आणि लीद मिसळतात. लीद मातीला मोकळी ठेवते आणि भट्टीत जळून गेल्यावर बारीक छिद्रे मागे ठेवते. येथे मात्र कुंभाराचे आणि शेतकऱ्याचे मत जुळते. भारी मातीला मोकळे करावयाचे तर तिला सेंद्रिय पदार्थ दिला पाहिजे. शेणखत, कंपोस्ट, हिरवळीचे खत आणि पिकांचे अवशेष हीच भारी जमिनीची लीद होय.

चिमूटभर सोड्याची करामत

त्याच दिवशी काकांनी आणखी एक प्रयोग दाखविला. मातीची दाट खळ एका वाडग्यात घेऊन तिच्यात चिमूटभर धुण्याचा सोडा टाकून ढवळला. पाण्याचा थेंबही न वाढविता खळ ताकासारखी पातळ झाली. भांड्यांना गुळगुळीत लेप देण्यासाठी ही युक्ती वापरतात.

सोड्यातील सोडियम चिकणमातीच्या कणांवर बसतो, कण एकमेकांपासून दूर सरतात आणि पाण्यात तरंगत राहतात. चोपण जमिनीत हीच क्रिया घडते. अतिपाणी आणि अपुरा निचरा यांमुळे सोडियम साचलेल्या उसाच्या रानात पावसानंतर पाणी साचून गढूळ राहते व वाळल्यावर वर कडक पापुद्रा धरतो, तो यामुळेच. अशा जमिनीस माती परीक्षणानुसार जिप्सम देतात. जिप्सममधील कॅल्शियम सोडियमची जागा घेतो व कण पुन्हा एकत्र येतात. मात्र सुटलेला सोडियम पाण्याबरोबर बाहेर जाण्यासाठी निचऱ्याची सोय असल्याशिवाय जिप्समचा खर्च वाया जातो.

पाचवा दिवस : भट्टी

आमची भांडी पुरती वाळलेली नव्हती. ओले भांडे भट्टीत गेले तर आतील पाण्याची वाफ होऊन ते फुटते. म्हणून काकांनी आधीच तयार ठेवलेले माठ भट्टीत रचले. सायंकाळी भट्टी पेटली आणि रात्रभर आम्ही आळीपाळीने जागलो. त्या रात्री काकांनी सांगितलेली गोष्ट माझ्या मनात राहिली. भट्टीत जाईपर्यंत कितीही बिघडलेले भांडे मोडून, वाळवून पुन्हा टाकीत टाकता येते व त्याची पुन्हा माती होते. साधारण ५०० ते ६०० अंश सेल्सिअसच्या पुढे मातीच्या कणांच्या रचनेतील पाणीच निघून जाते, मग मात्र ती परत माती होत नाही.

शेतातली माती भट्टीत जात नाही. चिखल होऊन दडपलेली काळी जमीनही पूर्ण वाळणे व पुन्हा भिजणे या फेऱ्यांतून हळूहळू मोकळी होते. मात्र त्यासाठी तिला वेळ द्यावा लागतो आणि मध्येच ओल्यात अवजार घालण्याचा मोह आवरावा लागतो.

घरच्या घरी करावयाच्या परीक्षा

१. वातीची परीक्षा : मशागतीपूर्वी शेतात चार-पाच ठिकाणी, वरची सुकी माती बाजूला करून, १० ते १५ सें.मी. खोलीवरील माती घ्यावी. वात ३ मि.मी.पर्यंत वळली तर थांबावे, आधीच तुटली तर काम सुरू करावे. ट्रॅक्टर सांगण्यापूर्वी ही परीक्षा करावी, ट्रॅक्टर बांधावर आल्यावर नव्हे.

२. पट्टीची परीक्षा : शेताचा आणि शेतात टाकावयाच्या गाळाचा पोत ओळखण्यासाठी.

३. रेघेची परीक्षा : चांगल्या मळलेल्या मातीच्या पट्टीवर १० सें.मी.ची रेघ ओढून पट्टी सावलीत पूर्ण वाळवावी व रेघ पुन्हा मोजावी. प्रत्येक १ मि.मी. घट म्हणजे १ टक्का आकसणे. ज्या शेतातील माती जास्त आकसते, तेथे सेंद्रिय खताकडे आधी लक्ष द्यावे.

४. पेल्याची परीक्षा : काचेच्या पेल्यात पावसाचे साठविलेले स्वच्छ पाणी घेऊन त्यात वाटाण्याएवढे कडक वाळलेले ढेकूळ अलगद सोडावे. ढवळू नये. दोन तासांनी व पुन्हा दुसऱ्या दिवशी पाहावे. ढेकूळ विरघळून पाणी स्वच्छ राहिले तर ठीक. भोवती दुधासारखा ढग पसरला तर सोडियमची शंका घेऊन मातीचा नमुना प्रयोगशाळेत द्यावा. विहिरीचे पाणी वापरू नये, कारण त्यातील क्षारांमुळे गढूळपणा दिसत नाही. जमिनीतच क्षार जास्त असतील तरीही पाणी स्वच्छ दिसू शकते, म्हणून ही परीक्षा माती परीक्षणाला पर्याय नाही.

शिबिराहून परतल्यावर मी प्रथम त्या शेतकऱ्याकडे गेले व माझा सल्ला कोठे चुकला ते सांगितले. त्यांनी बांधावरचे एक ढेकूळ उचलून बादलीत टाकले. मे महिन्याच्या उन्हाने ते कडक वाळले होते. ते विरघळेपर्यंत आम्ही दोघे बादलीपाशी बसून होतो. “म्हंजे घाई नडली,” ते म्हणाले. घाई त्यांची होती, तशीच उत्तर देण्याची माझीही होती.

आपल्या गावात किंवा शेजारच्या गावात कुंभाराचे चाक अजून फिरत असेल, तर शेतकरी गटाने आठ-दहा जणांनी मिळून एक दिवस तेथे जावे. त्यांच्या श्रमाचा योग्य मोबदला द्यावा, आपापल्या शेतातील माती बरोबर न्यावी आणि ती भिजवून, मळून, वाळवून पाहावी. रब्बीच्या मशागतीपूर्वी एवढे केले तरी या वर्षीचे ओल्यातले काम टळेल.